बक्षिसाचं डुक्कर

मालसून या नावाचा अर्थ शेवटली पोर. चौथीही मुलगीच झाली तेव्हा 'आता पुरे' म्हणून बापानं ते ठेवलं होतं. त्यानंतर तिच्या पाठीवर आणखी दोघी झाल्या. "नावात काही दम नाही माझ्या," मालसून सांगायची, "हातांत आहे."

हात होतेच तसे. मुकचनच्या कत्तलखान्यात आतडी धुण्याच्या खोलीत तिला एकोणीस वर्षं झाली होती. भिंतीतल्या चौकोनी भोकातून पत्र्याचं घमेलं सरकत यायचं, त्यात वाफाळतं पोट, वजडी आणि हातभर, हातभर करत पंचवीस-तीस हात भरतील एवढी आतडी. ती सोडवायची, रिकामी करायची, उलटी करायची, जाड मीठ आणि कणीक लावून चोळायची, धुवायची, पुन्हा चोळायची. दिवसाला सत्तर डुकरं आणि बायका सहा. पाणी विहिरीचं, बर्फासारखं. थंडी सुरू झाली की बोटं आधी लाल, मग पांढरी, मग कुणाची आहेत तेच कळेनासं व्हायचं. संध्याकाळी बसमध्ये शेजारची बाई उगाच खिडकीबाहेर बघून उठायची आणि मागे जाऊन बसायची. सहाजणींना त्याची सवय झाली होती. दॉकजाला तेवढी झाली नव्हती. ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "बरं झालं बाई, पाय पसरायला जागा झाली!"

ही दॉकजा मालसूनच्या शेजारच्या टाकीवर काम करायची. अंगानं काडी, पण तोंड एकदा सुरू झालं की विहिरीचा पंप बरा. सासूचं गाऱ्हाणं, नवऱ्याचं घोरणं, काल ऐकलेलं, परवा ऐकायचं राहिलेलं, सगळं तिच्याकडे असायचं.

गंमत अशी, की एवढ्या वर्षांत त्या आवारात मालसूननं जिवंत डुक्कर पाहिलंच नव्हतं. डुकरं पुढच्या फाटकानं यायची, बायका मागच्या दारानं. मध्ये भिंत. सकाळी किंचाळणं ऐकू यायचं, मग पाण्याचे नळ सुरू झाले की तेही बुडून जायचं. पण डुकराचा शेवटचा दिवस कसा गेला ते मालसूनच्या हाताला कळायचं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून आतडी कोरडी, चिकट येत होती. जरा ओढली की फाटायची. फाटलं की फोरमन ओरडायचा. "आम्ही काय दातांनी ओढतो का?" दॉकजा म्हणायची. कारण ना फोरमनला ठाऊक होतं, ना मालसूनला.

ऑक्टोबरच्या एका शुक्रवारी दुपारी मागच्या दारात चक्क मेंगबाई उभ्या राहिल्या. मेंगबाई म्हणजे मुकचनच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. केस नुकतेच कुरळे करून घेतलेले, नाकावर रुमाल.

"मालसूनताई, जरा काम होतं," रुमालाआडून आवाज आला.

"बाई, रुमाल काढा," दॉकजा म्हणाली. "निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं गोड लागत नाही."

मेंगबाईंनी रुमाल काढला, एकदा श्वास घेतला, डोळे मिटले आणि सांगून टाकलं. रविवारी जिल्ह्याचे खेळ. बायकांच्या रस्सीखेचीला मुकचनच्या आठजणी. त्यांतल्या सहाजणी काल लग्नात शिळे शिंपले खाऊन आडव्या झाल्या आहेत. उरल्या मेंगबाई आणि त्यांची जाऊ.

"म्हणजे एकोणीस वर्षांत आज आमचा पत्ता सापडला!" दॉकजा म्हणाली.

"दॉकजा, गप गं." मालसूननं हात पुसले. "बक्षीस काय आहे?"

मेंगबाई घुटमळल्या. "डुक्कर."

सगळ्या अशा काही हसल्या, की एक जण मिठाच्या पोत्यावरच बसली.

रविवारी त्या सहाजणी कामावरचे रबरी बूट घालूनच मैदानात आल्या, कारण दुसरे चांगले पकड घेणारे बूट कुणाकडे नव्हते. बाकीच्या गावांचे संघ एकसारख्या टोप्या घालून आलेले. मुकचनच्या ओळीकडे बोटं जात होती. "खाटीकखान्याच्या आहेत म्हणे," कुणीतरी म्हणालं. दॉकजानं वळून सांगितलं, "हो, आणि जेवण झालंय आमचं, घाबरू नका."

डोंगराकडच्या गावाला त्यांनी दोन खेचीत लोळवलं. तो विजय कसा झाला ते त्यांचं त्यांनाही नीट कळलं नाही. शेवटची लढत समुद्रकाठच्या बायकांशी होती. त्या जाळी ओढून वाढलेल्या, खांदे पुरुषांसारखे. पहिली खेच त्यांनी घेतली. दुसरी कशीबशी मुकचनला मिळाली. तिसरीत दोर मधोमध थांबला तो हलेचना. मालसून पुढे होती. तिला वाटलं, हा दोर काही जड नाही. जड असतं ते निसरडं, हातातून सुटू पाहणारं, आणि तसलं तर ती रोज दहा तास धरते.

"बायांनो," ती न वळता म्हणाली, "मोठं आतडं आलंय. फाटू द्यायचं नाही. सावकाश. यंग-चा!"

"यंग-चा!" दोर ओढायची ती आरोळी मागून सातजणींनी उचलली.

धसमुसळेपणा न करता, एकेक वीत, एकेक वीत त्यांनी तो दोर असा काढून आणला, की पलीकडच्या बायकांना आपण सरकतोय हे रेषा ओलांडल्यावर कळलं. पंचांची शिट्टी वाजली. मेंगबाईंनी मालसूनला मिठी मारली आणि कुरळ्या केसांसकट तिच्या खांद्यावर रडल्या.

बक्षीस आलं. पांढरं, दणकट, एका कानाभोवती काळा डाग, गळ्यात लाल फीत. मैदानातला एक म्हातारा ओरडला, "कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ती अशी!" सगळं मैदान हसलं, आणि त्यांच्यात मुकचनच्या आठहीजणी होत्या.

मेंगबाईंनी तिथंच जाहीर केलं, उद्या संध्याकाळी पंचायतीच्या सभागृहात सगळ्या गावाला जेवण. म्हणजे डुक्कर आज कत्तलखान्यात पोचवायला हवं. पण टेम्पोवाला सकाळपासून तांदळाची दारू पीत होता आणि आता टेम्पोच्या चाकाशी बोलत बसला होता.

"चालत नेऊ," मालसून म्हणाली. "अर्ध्या तासाची वाट. माझी आई दर वर्षी न्यायची."

मेंगबाईंची जाऊ घरी गेली. मेंगबाई मात्र म्हणाल्या, बक्षीस माझ्या नावावर लिहिलंय, मी येते. मग सातजणी आणि एक डुक्कर कापणी झालेल्या भातशेतांमधून निघाले. मेंगबाईंनी पायाला दोर बांधून पुढून ओढायला घेतलं. डुक्कर जागचं हललं नाही.

"ओढू नका. ओढलं की ते मागेच जाणार," मालसून म्हणाली. "त्याच्या खांद्याशी चाला, जरा मागे. त्याला वाटू दे की वाट त्यानंच ठरवली."

"माझ्या नवऱ्याला मी अशीच चालवते," दॉकजा म्हणाली, आणि डुकराच्या कानाशी लागून तिनं सासूची गोष्ट सुरू केली. डुक्कर खरोखर ऐकत चालल्यासारखं कान हलवत चाललं. बांधावरच्या झाडांखाली पर्सिमनची पिकली फळं पडली होती. ती खायला ते थांबे, तेव्हा सगळ्या थांबत. ऊन मऊ होतं. कापलेल्या भाताचा वास येत होता. मेंगबाईंनी चप्पल हातात घेतली. आपण शेवटचं असं रिकामं कधी चाललो होतो ते मालसूनला आठवेना.

चारच्या सुमाराला त्या कत्तलखान्याच्या पुढच्या फाटकाशी पोचल्या. या बाजूला सहाजणींपैकी कुणीच कधी आली नव्हती.

आत पत्र्याच्या छपराखाली कुंपणं, त्यांत सोमवारसाठी आलेली सत्तर डुकरं, एकमेकांवर रेललेली. एका टोकाला सिमेंटची चढण, तिच्या वर अंधारं दार. तिथला एकटा माणूस म्हणजे बांग, साठीचा, कमरेच्या दुखण्यानं लंगडणारा. त्याच्या हातात डुकरांना झटका देऊन हाकायची विजेची काठी होती.

"काय वहिनी, वाट चुकलात की काय?"

"बक्षीस आणलंय बांगभावजी. कुठं ठेवायचं?"

"कुंपणं भरलीत. वर, दाराआडच्या खोलीत एकट्याची जागा आहे. तिकडे घाला."

डुक्कर चढणीपर्यंत आलं आणि थांबलं. पुढचा एक पाय ठेवला, तो घसरला. पाय मागे घेतला आणि चारही खुरं रोवून उभं राहिलं. बांग काठी घेऊन पुढे आला.

दॉकजा मध्ये उभी राहिली. "हे आमचं डुक्कर आहे. त्याला काठी लावलीत तर तीच काठी तुम्हाला लावीन."

"मग चढवा तुम्ही."

सातजणी लागल्या. पुढून दोर, मागून खांदे, "यंग-चा, यंग-चा". दोन तासांपूर्वी ज्यांनी अख्खा जिल्हा ओढला होता त्यांना एका डुकरापुढे वीतभर सरकता येईना. मेंगबाई घसरून शेणात बसल्या. बसल्या त्या हसतच बसल्या. बांगही हसला. इतक्या वर्षांत त्याच्या कुंपणापाशी कुणी हसलेलं त्याला आठवत नव्हतं.

मालसून हसली नाही. ती डुकराशेजारी दोन्ही हात टेकून ओणवी झाली आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून वर बघितलं. सिमेंट गुळगुळीत, हिरवं शेवाळ धरलेलं. मधोमध साचलेलं पाणी चमकत होतं, खोल खड्ड्यासारखं. दारात लटकणारी साखळी वाऱ्यानं खण्‌खण्‌ वाजत होती. आणि पलीकडे मिट्ट काळोख.

"मीसुद्धा गेले नसते," ती म्हणाली.

उठताना तिला जवळच्या कुंपणातली डुकरं दिसली. एक जण लोखंडी गज चाटत होतं. एकाच्या तोंडाला वाळका फेस. दगडी कुंडीत पाणी नव्हतंच, तळाला माती आणि एक मेलेली माशी.

"बांगभावजी, ही कधी आली?"

"काल दुपारी."

"आणि पाणी?"

बांगनं मान खाली घातली. "नळ एप्रिलपासून मोडलाय. तीनदा सांगितलं. पूर्वी आम्ही दोघं होतो, तो गेला, जागा भरली नाही. एकटा बादल्या आणू, की डुकरं चढवू? तासाला वीस चढवली नाहीत की आतून शिव्या येतात. म्हणून ही." त्यानं काठी जमिनीवर ठेवली. "किंचाळतात ना सकाळी, तेव्हा मी कानात कापूस घालतो. तुम्हाला काय वाटलं, मला आवडतं?"

मालसूनला उन्हाळाभर आपल्या बोटांत फाटत गेलेली ती कोरडी आतडी आठवली. भिंतीच्या या बाजूला आली असती तर उन्हाळ्यातच कळलं असतं.

"चला गं," ती म्हणाली, "आपल्या खोलीतून पाणी आणू."

अंगावर ठेवणीतले कपडे होते, ते सगळ्यांनी गुडघ्यापर्यंत वर खोचले. मागच्या खोलीपासून पुढच्या कुंपणापर्यंत बायकांची रांग लागली, बादल्या हातोहात सरकू लागल्या. मेंगबाई शेवटच्या टोकाला, कुंडीपाशी. पहिल्या बादलीला एवढी झुंबड उडाली की त्या नखशिखान्त भिजल्या. मग पिण्याचा आवाज सुरू झाला. सत्तर डुकरं पाणी पिताना जो आवाज होतो तो आधी कुणी ऐकला नव्हता. मोठी, समाधानी, चपचप करणारी कुजबुज. एकेक जण पिऊन झालं की तिथंच बसकण मारी आणि लांब उसासा टाकी.

बांगनं जुनी भाताची पोती आणि पेंढा काढला. शेवाळ खरवडून चढणीवर पोती पसरली, साचलेलं पाणी झाडून काढलं, साखळी गोणपाटात गुंडाळली, आत बल्ब लावला. बक्षिसाच्या डुकरानं एकदा पोतं हुंगलं. मग कुणी हात न लावता, जेवायला हाक मारलेल्या पाहुण्यासारखं, डुलत डुलत वर गेलं.

"ओढाओढीत आता मी जिल्ह्यात दुसरी," मालसून म्हणाली. "पहिलं ते."

सोमवारी सकाळी सहाजणी आपापल्या टाकीशी उभ्या राहिल्या आणि नळ सोडायचं विसरल्या. किंचाळणं येत नव्हतं. मशीन चालू होतं, घमेली येत होती, म्हणजे काम चाललं होतं. बांगनं सगळी डुकरं काठीशिवाय चढवली होती, आणि नेहमीपेक्षा लवकर. आतडी ओली, गुळगुळीत, एका ओढीत सुटून येत होती.

दहाच्या सुमाराला मालसूनच्या पुढ्यात एक पोट आलं. तिनं ते उघडलं. आत पर्सिमनच्या बिया होत्या, सात-आठ, तपकिरी, चकचकीत. तिचे हात थांबले.

"काय झालं गं?" दॉकजानं विचारलं, आणि तिनंही पाहिलं.

मालसूनला रडू आलं असं नाही. तिनं त्या बिया धुतल्या आणि खिडकीच्या कडेवर ठेवल्या. "घाबरलं नव्हतं," ती म्हणाली. "हाताला कळतं." मग ती आतडी तिनं इतक्या काळजीनं धुतली, की त्या दिवशीच्या कामात ती सगळ्यांत पांढरी निघाली.

पाचला संपणारं काम अडीचला संपलं. मांस न्यायला आलेल्या शहरातल्या व्यापाऱ्यानं फासळ्या बोटानं दाबून पाहिल्या आणि विचारलं, "आज डुकरं कुठून आणलीत? गेले काही महिने पाणचट, फिक्कट मांस देत होतात. हे बघा कसं घट्ट आहे." कत्तलखान्याचे मॅनेजर प्योसाहेब उगाच हसले, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं.

माहीत झालं ते संध्याकाळी, सभागृहात. उकडलेल्या मांसाच्या थाळ्या, मुळ्याचं झणझणीत लोणचं, लसणाच्या पाकळ्या, पितळी किटल्यांतून तांदळाची दारू. सहाजणी सवयीनं दाराजवळच्या मेजाकडे निघाल्या होत्या. मेंगबाईंनी हाताला धरून त्यांना मधल्या मेजावर आणून बसवलं आणि स्वतः दॉकजाला चिकटून बसल्या. समोरच प्योसाहेब होते. मेंगबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कालची हकिगत सांगितली, आपण शेणात बसलो त्यासकट.

प्योसाहेबांचे कान लाल झाले. "कापण्याआधी उपाशी ठेवायचा नियमच आहे," ते म्हणाले.

"उपाशी ठेवायचा आहे साहेब, तहानलेलं नाही," मालसून म्हणाली.

"अहो, दुसऱ्या दिवशी मरायचंच असतं त्यांना. पाणी पाजून काय करायचं?"

मालसूननं त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "साहेब, मरायचं तर तुम्हालाही आहे. आज जेवायला बसलातच ना?"

कोपऱ्यातला तो कालचा मैदानातला म्हातारा असा हसला की त्याच्या नाकातून दारू आली, आणि मग कुणालाच आवरेना. शेवटी प्योसाहेबही हसले. मनापासून नसेल, पण हसले.

मालसून काही थांबली नाही. हसू ओसरायच्या आत तिनं बोटं मोजली. "नळ दुरुस्त करा. चढणीला खाचा पाडा. बांगभावजींना जोडीला माणूस द्या, त्यांची कंबर गेलीय. आणि आमच्या खोलीत गरम पाणी. डुकरांना एक दिवस तहान लागते, आमची बोटं एकोणीस वर्षं गोठताहेत."

"एकदम चार गोष्टी?"

"रस्सीखेचीत आठजणी होतो," मेंगबाई म्हणाल्या. "चारच मागतोय. आणि महिला मंडळ दर महिन्याला कत्तलखाना बघायला येईल म्हणते मी. मागच्या दारानं नाही, पुढच्या." त्यांनी मालसूनच्या पेल्यात दोन्ही हातांनी दारू ओतली, मोठ्या बहिणीला ओततात तशी.

प्योसाहेबांनी व्यापाऱ्याचं बोलणं आठवून पाहिलं असावं. ते हो म्हणाले.

नळ दोन दिवसांत आला. चढणीला खाचा महिनाअखेरीस पडल्या. गरम पाण्याला मात्र साहेबांनी टाळाटाळ केली. आज बॉयलर नाही, उद्या पाइप नाही. मेंगबाई दोनदा पुढच्या दारानं येऊन गेल्या, दुसऱ्यांदा बारा बायका घेऊन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, विहिरीच्या दोरावर दव गोठलं त्या सकाळी, सहा टाक्यांत वाफाळतं पाणी पडलं. सगळ्यांत धाकटी ह्वासुक हात बुडवून ओरडली, पोळलं म्हणून नव्हे, बोटं आपलीच आहेत हे कळलं म्हणून. मालसूननं कोपरापर्यंत हात घातले आणि डोळे मिटून बराच वेळ तशीच उभी राहिली. फोरमननं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर निघून गेला.

बांगच्या जोडीला माणूस शोधायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. कुंपणाचं काम करायला कुणी तरुण तयार होईना. शेवटी दॉकजाच म्हणाली, मी जाते, इथं भिंतीकडे तोंड करून बोलून कंटाळा आलाय मला. प्योसाहेबांनी आधी बाईमाणूस म्हणून नकार दिला, मग दुसरं कुणी नाही म्हणून होकार दिला.

आता ती डुकरांच्या खांद्याशी, जरा मागे राहून, त्यांना चढणीवरून नेते. एकेकाला एकेक गोष्ट. लांबलचक गोष्ट असली तर दोघांत वाटून. विजेची काठी कुठं गेली कुणी विचारत नाही. बांगनं त्या काठीवर मुळ्याची पानं वाळत घातली होती म्हणतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत मालसून पुढच्या बाजूला आली, आता ती येते, आणि कुंडीच्या कडेवर बांगशेजारी बसली.

"कशी चाललीय आमची दॉकजा?" तिनं विचारलं.

"उत्तम," बांग म्हणाला. "एकही अडत नाही. एवढी भराभर चढतात की विचारू नका."

"पाहिलंत? मायेनं बोललं की जनावर ऐकतं."

"माया कसली घेऊन बसलात वहिनी," बांगनं आवाज खाली आणला. "तिच्या सासूची गोष्ट संपायच्या आत सुटू म्हणून पळतात बिचारी."

"ऐकतेय मी!" कुंपणापलीकडून दॉकजा ओरडली, आणि लगेच मऊ आवाजात कुणाला तरी सांगू लागली, "तू नको रे लक्ष देऊस त्यांच्याकडे. तर मग काय झालं..."